जॉर्जेटचा त्रिकोण

सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या खोलीत आता पांढऱ्या चकचकीत टाइल्स बसवल्यात. मी उंबऱ्याशी उभा राहून बघत होतो. आतली बाई मांडीवर लेसचा गुंडा घेऊन बसली होती. ती म्हणाली, "चाचा, किसको ढूंढ रहे हो?" मी म्हणालो, "किसी को नहीं. फरशी देख रहा हूँ." तिला वाटलं असेल, म्हातारा सरकलाय. सरकलेलो नाही मी. त्या टाइल्सच्या खाली शहाबादी फरशी आहे, काळपट, मोरीकडच्या बाजूला तडकलेली. त्या फरशीवर माझी मुलगी मंगल, वय वर्षं चौदा, निळ्या खडूने त्रिकोण काढून बसलेली आहे. वरून कुणी टाइल्स लावल्या म्हणून ती उठून जाणार आहे का?

खरी मंगल आता पंचेचाळिशीच्या पुढे गेली. सुरतेबाहेर सचिन गावाला असते. दर रविवारी भेस्तानला माझ्या खोलीवर डबा घेऊन येते. तिचे गुडघे धरतात, जिन्यात मधेच थांबून कठड्याला टेकते. ती डबा उघडते, कळण्याची भाकरी काढते, "अप्पा, गरम आहे तोवर खा" म्हणते. आणि तिच्या मागे भिंतीला पाठ लावून ती दुसरी बसलेली असते, दोन वेण्यांची. ती खा म्हणत नाही. खडूची बोटं फ्रॉकला पुसते आणि माझ्याकडे बघत राहते. कशाची वाट बघते ते मला ठाऊक आहे. डिंडोलीहून परत आल्यापासून तर ती रोजच यायला लागली, रविवार नसला तरी.

मी तिसरी शिकलो. तिसरीही धड नाही. पण माझं अक्षर चांगलं आहे, आणि जे मला कळलं ते मला पक्कं कळलेलं असतं.

आम्ही धुळ्याकडून आलो तेव्हा डिंडोली म्हणजे अर्धी शेतं होती. रूळ ओलांडला की ज्वारी. थंडीत इथले लोक पोंक खायला निघायचे, आम्ही त्यालाच हुरडा म्हणायचो. मंगलची माय शेजारणींना ठणकावून सांगायची की पोंक तुमचा असेल, ज्वारी आमची. धगीवर कोवळं कणीस भाजल्याचा वास संध्याकाळी गल्लीत भरायचा आणि त्यात लूमच्या तेलाचा वास मिसळायचा. तेलाचा वास माझ्या अंगाला होता. कितीही साबण लावा, जायचा नाही. मंगल लहानपणी डोळे मिटून सांगायची, "अप्पा आले."

खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, दोन्ही बाजूंना लूम, मधल्या बोळात मी. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, दिवसभर. त्या आवाजाने माझे कान हळूहळू गेले. घरात माझ्याशी बोलायचं म्हणजे हातवारे करायचे नाहीतर ओरडायचं. मंगलला ओरडायला आवडायचं नाही. ती मला सगळं काढून दाखवायची. कुणाकडे बारसं आहे तर पाळणा काढायची, रॉकेल संपलं तर डबा. खडूचा आवाज मला ऐकू यायचा नाही, पण मी फरशीवर अनवाणी बसलो की तो तळव्यांना लागायचा. बारीक करकर. अजून लागते कधी कधी. इथे भेस्तानला पहिल्या मजल्यावर, खाली कोणी खडू धरणारं नसताना.

आमच्या घरात सगळं जॉर्जेटचं होतं. खात्यातून डागी तुकडे मिळायचे. पडदा जॉर्जेटचा, उशीचा अभ्रा जॉर्जेटचा, भांडी पुसायचं फडकंसुद्धा. मंगलचे फ्रॉक तर विचारूच नका. कापडाचं मी पोरीला सगळं शिकवलं होतं. कुठे धागा तुटला, कुठे गाठ बसली, कुठे लूम थांबून परत चालू झालं, हे कापड बघून कळतं. "माणूस लपवेल, कापड लपवत नाही," असं मी तिला सांगायचो. ती मान हलवायची.

त्या वर्षी ती नववीत होती. शाळा मराठी, पण लांब, उधन्याकडे. परीक्षा झाली की तिचं शिक्षण थांबवायचं, असं घरात ठरलं होतं. का ठरलं होतं ते मी सांगत बसणार नाही. कारणं सगळ्यांकडे असतात. ठरवणारा मी होतो, एवढं लिहितो.

एक दिवस ती शाळेतून आली ती दप्तर न काढताच माझ्यासमोर बसली. त्या दिवशी ओरडायचा कंटाळा नव्हता तिला.

"अप्पा, जगातला कुठलाही त्रिकोण घ्या. त्याचे तिन्ही कोपरे शेजारी शेजारी ठेवले की सरळ रेघ होते."

"कुठलाही?"

"कुठलाही."

"आमच्या खात्याच्या छपराचा त्रिकोण आणि तुझ्या नखाएवढा त्रिकोण, दोघांचं एकच?"

ती हसली. "मोठ्या त्रिकोणाच्या बाजू मोठ्या होतात, अप्पा. कोपरा थोडाच मोठा होतो?"

"तू जगातले सगळे बघून आलीस वाटतं."

"सगळे बघावे लागत नाहीत. एकदा सिद्ध केलं की झालं." मग थोडं थांबून, मायकडे एकदा बघून, ती म्हणाली, "मी तुम्हाला सिद्ध करून दाखवलं तर मला दहावी करू द्याल?"

मी म्हणालो, "मला पटलं तर दहावी काय, पुढेही शीक." माझ्या शब्दाला गल्लीत किंमत होती. हे मी चुलीसमोर, तिच्या मायच्या देखत बोललो.

मग आठ-दहा दिवस आमच्या घरात त्रिकोणच त्रिकोण. वहीच्या पानाचे, जुन्या लग्नपत्रिकेचे, बिडीच्या पुड्याचे. लांबट, बुटके, एका बाजूला कललेले. ती त्रिकोण कापायची, त्याचे कोपरे फाडायची, आणि फरशीच्या सांध्याला लावून तिन्ही टोकं एका जागी आणायची. दर वेळी खालची कड सांध्याला चिकटून बसायची. कोपरे पिठाच्या डब्यात सापडायला लागले. एकदा माझ्या वरणात निघाला.

"हे सगळे तूच कापलेस," मी म्हणालो. "माझ्या हातचा घे." मी वर्तमानपत्राचा एक वाकडातिकडा कापून दिला. तोही जुळला.

"आता?"

"नशीब."

त्यावर त्या दोघी मायलेकी इतक्या हसल्या की मंगलची माय पदर तोंडात धरून बाहेर गेली. मीही हसलो होतो. हे आठवतं तेव्हा बरं वाटतं, आणि पुढचं आठवतं.

"पण हे सगळे एकेकटे झाले," मी म्हणालो. "उद्या एखादा न जुळणारा निघाला तर?"

याचीच ती वाट बघत होती. शेजारच्या शिंप्याकडून निळा खडू मागून आणला होता तिने. मला पाटावर बसवलं. दुपारची वेळ, दारातून ऊन अर्ध्या खोलीपर्यंत आलेलं. तिने त्रिकोण काढला, शेंडा वर, पाया खाली. मग शेंड्यातून एक रेघ काढली, आडवी, पार या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"ही रेघ पायाला समांतर. म्हणजे दोन्ही किती वाढवा, भेटणार नाहीत."

 मला दोन काठ दिसले. लूमवरच्या कापडाचे दोन काठ, मीटरच्या मीटर जातात, भेटत नाहीत.

"आता ही डावी बाजू बघा. ही दोन्ही रेघांमधून तिरपी जाते. खाली हा आतला कोपरा, आणि वर शेंड्याजवळ डाव्या हाताला हा कोपरा. दोन्ही सारखे. बाई याला व्युत्क्रम कोन म्हणतात."

कापडात कधी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तिरपी चीर पडते. अशा हजारो चिरा मी बघितल्यात. ते कापड उलटं फिरवा, खालचा काठ वर, वरचा खाली. चीर जशीच्या तशी. कुठला काठ आधी खाली होता ते देवालासुद्धा सांगता येणार नाही. म्हणजे चिरेने या काठाशी जो कोपरा केला, तोच त्या काठाशी, दुसऱ्या बाजूला. हे माझ्या हातांना आधीपासून माहीत होतं. त्याला नाव आहे हे माहीत नव्हतं.

"उजवीकडे तसंच," मंगल म्हणाली. "म्हणजे खालचे दोन कोपरे वर आले. तिसरा तिथे मधे होताच. तिघं मिळून ही वरची रेघ. आणि रेघ तर मी सरळच काढली होती."

तिने खडू खाली ठेवला. मला तेव्हाच दिसलं की शेंडा या भिंतीकडे सरकवा नाहीतर त्या भिंतीकडे, वर उचला नाहीतर खाली दाबा, काही फरक पडणार नाही. जगातले सगळे त्रिकोण एका वेळी माझ्या फरशीवर येऊन उभे राहिले. छातीत काहीतरी लख्ख झालं. असं मला पुन्हा कधी झालं नाही, देवळातही नाही.

मंगलची माय दारातून माझ्या तोंडाकडे बघत होती. ती म्हणाली, "पोर खरं बोली राह्यनी. तुम्हले समजनं शे."

तिथे मी हो म्हणायला पाहिजे होतं. दोन बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि मी पाटावर बसलेला, चौदा वर्षांच्या पोरीपुढे.

मी म्हणालो, "खडूने काय, काहीही काढता येतं. कापडावर दाखव."

मंगल म्हणाली, "कापडावर कशाला?"

"का? खरं असेल तर कापडावरही खरंच असेल."

 मीच उठलो. मीच गाठोड्यातून जॉर्जेटचा तुकडा काढला, मीच कात्री घेतली. काठाला धरून नाही कापला. तिरपा कापला, उरेब. तिन्ही कोपरे मीच कापून वेगळे केले. आणि एकेक कोपरा तिच्या हातात देण्याआधी सुरकुती काढल्यासारखा अंगठ्याने आडवा ओढला. हळूच. जॉर्जेट उरेब ओढलं की वाढतं आणि वाढलेलं तसंच राहतं. मी अर्धं आयुष्य ते कापड विणलं. हे मला माहीत नव्हतं असं कोणी म्हणेल का?

मंगलने पहिला कोपरा सांध्याला लावला. दुसरा त्याला चिकटवला. तिसरा ठेवायला गेली तर जागा पुरेना. तो सांध्याच्या खाली उतरला, चांगला बोटभर.

तिने ते परत लावले. क्रम बदलला. पालथे करून लावले. "अप्पा, असं होऊच शकत नाही."

"डोळ्यांनी बघ की."

ती बघत राहिली. बोटाने तो खाली उतरलेला कोपरा वर ढकलायची, तो दुसऱ्यावर चढायचा. ऊन सरकत तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. शेवटी तिने खडूच्या आकृतीकडे एकदा बघितलं आणि कापडाकडे एकदा, आणि ओल्या फडक्याने फरशी पुसून घेतली. रडली वगैरे नाही. कापड लपवत नाही, हे तिला मीच शिकवलेलं होतं.

 ते तीन कोपरे तिच्या मायने गोळा केले आणि त्यांनी चिमणीची काच पुसली. पुढे एवढी वर्षं माझ्याबरोबर काढली, त्या दुपारचा विषय तिने काढला नाही. गेली तेव्हाही नाही. मी पायाशी बसलो होतो, वाट बघत होतो की आता तरी बोलेल. तिने पाणी मागितलं.

परीक्षा झाली. दप्तर खुंटीला लागलं. कंपासपेटी उघडली की पेन्सिलीच्या सालींचा, रबराचा एक गोडसर वास यायचा. मी ती कधी कधी उगाच उघडायचो, पोर पाण्याला गेलेली असताना. वैशाखात हिरव्या बांगड्या भरल्या, हळदीने तिचे कोपर पिवळे झाले. शिरपूरकडे दिली. मग जावई इकडे कामाला आला आणि ती परत सुरतेत आली, पण तोवर ती हळू बोलणारी बाई झाली होती. ती डोळे मिटून कुणाला वासावरून ओळखत नव्हती.

हे सगळं माझ्यापाशीच राहिलं असतं. माझ्याबरोबर गेलंही असतं. मला ती फरशीवरची पोर दिसते, हा माझा प्रश्न. पण गेल्या रविवारी मंगलबरोबर तिची धाकटी निकिता आली होती. नातीची दहावी झालीय, गुजराती शाळेत, गुण चांगले आहेत. अकरावीचा फॉर्म तिच्या हातात होता आणि मायलेकीचं वाटेतच भांडण झालेलं दिसत होतं. बसल्या बसल्या ते पुन्हा पेटलं. माझे कान गेलेत हे धरून त्या मोठ्याने भांडत होत्या, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मम्मी, मारे सायन्सच लेवुं छे. मॅथ्स घेऊन."

"शिवणक्लासचं बोलून ठेवलंय मी."

"पण का? मला येतं ना!"

"आता येतंय. मलाही येत होतं." मंगल भाकरी मोडत तेवढ्याच मोठ्याने म्हणाली. "गणित आपल्या घराला लागू पडत नाही, निकिता. पुस्तकात जुळतं सगळं. मी हाताने करून बघितलंय. प्रत्यक्षात नाही जुळत. मग माणूस उगाच तोंडावर पडतो."

माझा घास हातातच राहिला. माझ्या अंगठ्याने मी एका पोरीला शाळेतून काढलं होतं. तोच अंगठा आता दुसरीला काढत होता, आणि मी नुसता जेवत बसलो होतो.

मी म्हणालो, "ते कापड मी ओढलं होतं."

"कुठलं कापड, अप्पा?"

"जॉर्जेटचं. त्रिकोणाचं. उरेब कापलं आणि अंगठ्याने ताणलं. तू बरोबर होतीस."

मंगल माझ्याकडे बघून हसली. कसनुसं, लहान मुलाला हसतात तसं. "नातीसाठी बोलताय होय? राहू द्या. तुम्हाला तर त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. कापड ताणायचं कशाला सुचेल तुम्हाला? सहज झालं असेल."

तिने मला वाट काढून दिली होती. अडाणी बाप, त्याला काय कळणार. त्या वाटेने मी सुटत होतो. आणि खोटं कशाला बोलू, ओ की ठो हा शब्द मला लागला, त्या वेळीसुद्धा लागला. माझ्या तोंडावर कोणी असं बोललेलं मी कधी ऐकून घेतलं नाही.

मी निकिताला म्हणालो, "पेन्सिल दे."

तिची वही ओढली. रेघ लाटेसारखी आली. तरी त्रिकोण काढला. शेंडा वर, पाया खाली.

"आता शेंड्यातून एक रेघ," मी म्हणालो. "पायाला समांतर. किती वाढवा, भेटणार नाहीत."

मंगलने भाकरी ताटात ठेवली.

"ही डावी बाजू दोन्हींतून तिरपी जाते. खाली हा आतला कोपरा, वर डाव्या हाताला हा. दोन्ही सारखे. मंगल, तुझ्या बाई त्याला व्युत्क्रम कोन म्हणायच्या. उजवीकडे तसंच. खालचे दोन वर आले, तिसरा मधे होताच. तिघं मिळून वरची रेघ. आणि रेघ सरळच काढली होती तू. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

निकिता वहीवर वाकली होती. "बरोबर आहे, मम्मी. एकदम बरोबर आहे. आबांना कोणी शिकवलं?"

 मंगल माझ्या वाकड्या रेघांकडे बघत होती. मग तिने वर बघितलं. चौदाव्या वर्षी बघायची तसंच, थेट.

"तुम्हाला समजलं होतं."

"हो."

"केव्हा?"

"तू रेघ काढलीस तेव्हाच."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मला झेपलं असतं. तिने ताट बाजूला सारलं, हात धुतले, पदराला पुसले, निकिताच्या हातातून फॉर्म घेतला आणि माझ्यापुढच्याच पेन्सिलीने सही करायला लागली. निकिता म्हणाली, "मम्मी, पेनने करायची असते." तिने पेन घेतलं आणि पेन्सिलीच्या सहीवरून परत सही केली.

निघताना ती दारात चप्पल चढवत होती. माझ्याकडे पाठ होती. मला ऐकू यावं म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागलं, आणि तिला ओरडायला कधीच आवडत नव्हतं.

"मी सासरी गेल्यावर परत करून बघायचे, अप्पा. सगळे शेतात गेले की. साडीच्या तुकड्यावर, अंगठ्याने असंच नीट सपाट करून. कधी जुळायचं, कधी नाही. मला वाटायचं, माझाच हात वाकडा आहे."

ती जिना उतरायला लागली. मधे थांबली, कठड्याला टेकली. निकिताने तिचा हात धरला. मी वरून "मंगल" म्हणून हाक मारली, पण ती ऐकू गेली का नाही ते मला कळलं नाही.